विहिरीतलं शीड

म्युझियममध्ये दोन गोष्टी कुणी न आणता जमतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ आमचे हिंदुराव रोज सकाळी झटकायचे. किस्से झटकायला कुणी नव्हतं, म्हणून ते माझ्यापाशी साठत गेले. मैत्रिणी जमल्या की त्यातला एखादा सांगते. त्या हसतात आणि मग विचारतात, "पण तू तिथं टिकलीस कशी गं?" याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

सांगलीच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. जवळच्याच एका छोट्या संस्थानात राजेसाहेबांनी म्युझियम काढलं होतं. तिथं लेबलं लिहायला चांगल्या अक्षराचं माणूस हवं होतं. माझं अक्षर चांगलं होतं, बाकी मी लहानपणापासून भित्री. मागून कुणी हाक मारली तरी हातातलं सांडायचं. वडील म्हणाले, "म्युझियम म्हणजे शांत जागा. तिथं काय घाबरायचंय?"

वडिलांनी आमचं म्युझियम पाहिलेलं नव्हतं.

राजेसाहेबांच्या जुन्या पागेत ते मांडलं होतं. घोडे गेले होते, पण पावसाळ्यात त्यांचा वास परत यायचा. खिडक्या उंच, उजेड कमी, आणि भिंतीपासून हातभर पुढे, फळ्यांच्या चौकटीवर ओळीने लाकडी मुखवटे. गावोगावच्या जत्रांतले, सोंगांचे, देवीचे, राक्षसांचे. सगळ्यांचे डोळे कोरून आरपार काढलेले. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर उभी होते, तर एका राक्षसाने डोळे मिचकावले. माझ्या हातातली दौत फरशीवर.

मुखवटा बाजूला झाला आणि मागून हिंदुरावांचा चेहरा निघाला. ते आतल्या बाजूने फडकं मारत होते. हिंदुराव म्हणजे आमचे शिपाई, पहारेकरी आणि घंटा वाजवणारे, सगळं एकच. त्यांनी शाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ताईसाब, ह्यो लाकडाचा हाय. भ्यायचं असंल तर आत सायेब बसल्यात."

* * *

आत बसलेले साहेब म्हणजे क्युरेटर पराडकर. उंच, वाळलेले, बारा महिने गळाबंद कोट. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही. माणूस वाईट नव्हता. खेड्यापाड्यांत कोरीव लाकूड चुलीत जातं, वाळवी खाते, पावसात सडतं, या दुःखाने ते जेवायचे कमी. "आपण आहोत म्हणून हे उरणार आहे, मिस चौगुले," असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

लेबलांची पद्धत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली. "काळ माहीत नसेल तर 'प्राचीन' लिहा."

"आणि अजिबातच माहीत नसेल तर?"

"'अतिप्राचीन'."

एका देवीच्या मुखवट्याखाली मी असंच 'अतिप्राचीन' लिहिलं. गव्हाच्या कणसांची माळ कोरलेला, फार देखणा मुखवटा होता. एक दिवस एक म्हातारी बाई तिथं येऊन थांबली ती हलेचना. मी जवळ गेले तर म्हणाली, "मालकाच्या हातचा हाय ह्यो. माज्यासमोर कोरलाय, परसात बसून." मालक म्हणजे तिचा नवरा. प्लेगात गेलेला.

लेबल चुकलं. साहेबांना सांगावं लागणार. बाईने बोट लावून विचारलं, "खाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे?"

"म्हणजे फार फार जुना."

तिने थोडा विचार केला. "मग ऱ्हाऊ द्या की. मालकाला जाऊन लय दिस झालं."

* * *

शेंदराचा किस्सा माझ्या देवभोळ्या बहिणीला ऐकवत नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

पश्चिमेकडच्या एका डोंगरवाडीतून एक लाकडी देवी आली होती. वाडी ओस पडली, पुजारी कराडला बाजारपेठेत हमालीला गेला, जाताना देवी आमच्या दारात सोडून गेला. देवीवर शेंदराचे इतके थर होते की ती नुसती एक भगवी वीट दिसायची. साहेबांची खात्री होती की आत अप्रतिम कोरीव काम असणार. "जेवढा शेंदूर जाड, तेवढी मूर्ती जुनी," ते म्हणाले, आणि बांबूच्या चपट्या कामट्या घेऊन बसले.

चाकू लावायचा नाही, पाणी लावायचं नाही, हळूहळू कामटीने. एक थर निघाला, खाली दुसरा. तो निघाला, खाली तिसरा. साहेब जेवायला घरी जाईनासे झाले. कधी चांदीचे डोळे निघाले, त्यांच्या आत आणखी लहान डोळे निघाले. मी शेजारी बसून टिपत होते. देवी दिवसेंदिवस बारीक होत चालली तसा माझा जीव घाबरायला लागला, पण बोलणार कोण?

शेवटचा थर निघाला. आत बाभळीचं एक साधं खुंट होतं. कोरलेलं काही नाही. नाक नाही, डोळे नाहीत. कुणीतरी कधीतरी जमिनीत ठोकलेलं असावं तसं.

साहेबांनी कामटी खाली ठेवली आणि ते हात धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत. त्या खुंटाखाली काय लिहायचं हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हिंदुरावांनी खरवडलेला शेंदूर एका बिस्किटाच्या डब्यात भरला आणि खुंटाशेजारी ठेवून दिला. पुढे ती वाडी सोडून गेलेल्यांपैकी दोन माणसं देवीला भेटायला आली. त्यांनी खुंटाकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. "देवी कुटं हाय?"

हिंदुरावांनी डब्याकडे बोट केलं. माणसं डब्याला नमस्कार करून गेली.

* * *

आता शीड. बाकी सगळं विसरले तरी शीड विसरणार नाही.

भैरववाडी नावाच्या गावात भैरोबाच्या जत्रेला बगाड निघायचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बगाड म्हणजे दगडी चाकांचा एक अवाढव्य गाडा. त्यावर उंच खांब, आणि खांबावर आडवं एक लांबलचक लाकूड, ते शीड. नवस बोललेल्या माणसाला शिडाच्या टोकाला बांधतात, शीड वर उचलतात, आणि बैल जुंपून देवळाभोवती गाडा फिरवतात. तो माणूस आभाळात पालथा तरंगत असतो. पूर्वी पाठीत गळ टोचायचे, आता नुसता कमरेला पटका. पाय जमिनीला लागायचे नाहीत, एवढीच अट.

त्या गावचं शीड अख्खं कोरलेलं होतं. नाग, वेली, घोड्यांची तोंडं, टोकाला एक डोळे मिटलेला चेहरा. आणि एवढी वस्तू ते लोक वर्षभर विहिरीत बुडवून ठेवायचे! जत्रेला ढोल वाजवत बाहेर काढायची, जत्रा झाली की परत पाण्यात. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असताना साहेबांनी विहिरीत डोकावून ते पाहिलं. घरी येऊन त्यांना ताप भरला.

पुढच्या वर्षी लढाईमुळे जत्रांवर बंदी आली. साहेबांनी दरबारात अर्ज केला आणि शीड म्युझियममध्ये आणण्याचा हुकूम मिळवला. बैलगाड्या एकीमागे एक जोडून ते आणलं. गावचे लोक शिवेपर्यंत मागे मागे आले. पाटील साहेबांना म्हणाले, "आमी त्याला पाण्यात निजवतो, सायेब. कोरड्यात त्याला झोप लागायची न्हाई."

"म्हणूनच तर ते कुजणार होतं," साहेब म्हणाले. त्यांना ती श्रद्धा वाटली. पाटलांनाही ती श्रद्धाच वाटत होती. लाकडाचं म्हणणं काय, ते कुणीच विचारलं नाही.

पागेच्या मधोमध लाकडी टेकूंच्या घोडीवर शीड ठेवलं. कोरड्या, स्वच्छ, वाळवी नसलेल्या जागी. साहेबांनी त्याला अळशीचं तेल लावलं. उन्हाळा आला.

एका दुपारी मी स्टुलावर चढून वरच्या फळीतली लेबलं बदलत होते. धडाड असा आवाज झाला. बंदूकच. मी स्टुलासकट खाली. त्या दिवसांत आमच्या भागात भूमिगतांची चळवळ जोरात होती, तारा तुटायच्या, चावड्या जळायच्या. साहेब आतून ओरडले, "दारं लावा." आणि मग त्यांचा आवाज येईना, कारण ते टेबलाखाली होते.

फौजदार शिपाई घेऊन आले. मुखवट्यांच्या मागे पाहिलं, हिंदुरावांचे खिसे तपासले, मला विचारलं की माझा कोणी भाऊ कॉलेजात आहे का. मला रडूच आलं. एवढ्यात परत एकदा आवाज झाला, या वेळी बारीक, आणि सगळ्यांच्या देखत शिडाच्या भिंतीकडच्या अंगाला एक काळी रेघ धावत गेली. बोट आत जाईल एवढी.

फौजदारांनी वाकून रेघ पाहिली. मग त्यांनी रिपोर्ट सांगायला सुरुवात केली आणि जमादाराने लिहून घेतला: "आवाज लाकडाने केला असे निष्पन्न झाले. लाकडास ताकीद देण्यात आली."

सगळे हसले. साहेब टेबलाखालून बाहेर येऊन शिडापाशी उभे होते. त्यांनी त्या भेगेत बोट घातलं आणि ते तसंच ठेवलं. त्या दिवसापासून 'आपण आहोत म्हणून हे उरणार आहे' असं ते कधी म्हणाले नाहीत.

* * *

साहेबांनी भेग मेण, राळ आणि लाकडाचा भुसा घालून बुजवली. मग कुठंसं वाचून ओली गोणपाटं शिडावर टाकायची असं ठरलं, म्हणजे उरलेलं लाकूड हळूहळू वाळेल. हिंदुराव दिवसातून किती वेळा पाणी मारायचे देव जाणे. शाळेची मुलं आली की विचारायची, "हे आजारी आहे का?" हिंदुराव म्हणायचे, "व्हय. लांबनं बघा."

रविवारी म्युझियम बंद. एका रविवारी माझी छत्री राहिली म्हणून मी गेले, तर पराडकर साहेब धोतराचा काचा मारून, बिनकोटाचे, बादलीतून गोणपाटांवर पाणी शिंपत होते. मी मागच्या मागे फिरले. छत्रीशिवाय घरी गेले आणि भिजले.

* * *

सोनाबाई आमच्याकडे कधीपासून यायला लागल्या? शीड आलं आणि पाठोपाठ त्याच आल्या असं म्हणायला हरकत नाही. भैरववाडीच्या. काळ्या, काटक, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण. एकुलता मुलगा नामदेव पलटणीत, बर्मात. त्याचं पत्र यायचं बंद झालं तेव्हा त्यांनी भैरोबाला नवस बोलला होता: पोरगं जितं घरी आलं तर त्याला शिडावर चढवीन. आता पोरगा बर्मात आणि शीड आमच्या पागेत.

पहिल्या भेटीत त्या साहेबांसमोर सरळ उभ्या राहिल्या. "पोरगं आलं की एक दिस शीड द्या. फेऱ्या झाल्या की आणून घालू."

"म्युझियमची वस्तू बाहेर देता येत नाही, बाई."

"वस्तू कोन मागतंय? शीड मागतीया."

साहेबांनी त्यांना अर्ज करायला सांगितला. अर्ज मी लिहून दिला, त्यांनी अंगठा केला. अर्ज दरबारात गेला आणि तिथंच राहिला. सोनाबाई मात्र दर बाजाराच्या दिवशी यायच्या. भाजीचं माळवं विकून झालं की पाटी दारात ठेवून, आत येऊन शिडाखाली बसायच्या. भिंतीकडच्या अंगाला, अगदी भेगेच्या खाली. बोलायच्या नाहीत. मला तर ती शांतता आवाजापेक्षा जास्त भिववायची. मुलगा परत आला नाही तर ही बाई काय करेल, आणि आला तर आपण काय करणार आहोत?

एकदा साहेब म्हणाले, "बाई, बघून झालं असेल तर..."

"माजं झालंय," सोनाबाई वर शिडाकडे बोट करत म्हणाल्या. "त्याचं व्हायचंय."

त्याच उन्हाळ्यात पुण्याचे कुणी विद्वान पाहुणे आले. आमच्या एका खोलीत बारा बलुतेदारांच्या मातीच्या मूर्ती होत्या, माणसाएवढ्या. त्या पाहून ते खूश झाले आणि पागेच्या मधल्या भागात आले. शिडाखाली सोनाबाई बसलेल्या, भिंतीला टेकून, डोळे उघडे, हालचाल नाही. पाहुणे वाकले. "वा! हा चेहरा तर अगदी..." असं म्हणत त्यांनी छत्रीचं टोक सोनाबाईंच्या खांद्याला लावून पाहिलं.

सोनाबाईंनी मान वळवली.

"जिती हाय," त्या म्हणाल्या. "अजून."

* * *

लढाई संपली. नंतरही बरेच महिने काही कळलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी सोनाबाई आल्या त्या पाटी न घेता. मागे कुबड्यांचा आवाज. नामदेव आला होता. उजवा पाय मांडीपासून नव्हता.

साहेब खुर्चीवरून उठले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. नामदेवने कुबडी काखेत दाबून कडक सलाम केला. "वजन कमी करून आलोय, साब. शिडाला सोपं."

कुणी हसलं नाही. त्याला त्याची सवय असावी.

साहेबांनी त्या दिवशी स्वतः दरबाराला पत्र लिहिलं. माझ्याकडून स्वच्छ लिहून घेतलं आणि मग त्यात पुन्हा दोन शब्द बदलले. उत्तर आलं की अर्ज विचाराधीन आहे.

भैरववाडीचे पाटील मग चार माणसं घेऊन शीड बघायला आले, बरोबर सोनाबाई आणि नामदेवही. जत्रेवरची बंदी उठली होती, गावात चर्चा चालू होती. पाटलांनी गोणपाट उचललं, वेलींवरून हात फिरवला, वळून भिंतीकडच्या अंगाला गेले आणि थांबले. मेणाला नख लावून त्यांनी पाहिलं. मेण निघालं.

"भंगलंय," पाटील म्हणाले.

आपल्याकडे भंगलेली मूर्ती कुणी पूजत नाही. तिला पाण्यात सोडतात. पाटलांनी आणि चारही माणसांनी डोक्याची मुंडाशी काढली. साहेब दारात उभे होते, ते आत आले नाहीत.

"सोनाबाय," पाटील म्हणाले, "आता ह्याच्यावर कुनाला चढवायचं न्हाई. गाव म्हनतंय बगाड बंद करू. तुजा नवस माफ."

"आवं पाटील, नवस तुमच्यापाशी बोलले व्हय मी? तुमी कसा माफ करता?"

"आगं, पर शीड भंगलेलं हाय."

"ठाव हाय मला. कवापासनं त्या भेगंच्या खालीच बसती मी."

पाटील वैतागले. "मग? भंगलेलं कसं चालंल द्येवाला?"

सोनाबाईंनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माजं पोरगं बी भंगलेलंच आलंय. मी घेतलं न्हवं त्याला घरात?"

नामदेव कुबडीच्या टोकाने फरशीवरचं मेण गोळा करत होता. पाटलांनी मुंडासं परत बांधलं. पाचही जण साहेबांच्या शेजारून निघून गेले. त्या वर्षी बगाड निघालं नाही. पुढच्याही वर्षी नाही. सोनाबाई बाजाराच्या दिवशी येत राहिल्या. पोरगं रात्रीचं ओरडत उठतं, त्या एकदा मला म्हणाल्या. नवस अंगावर हाय न्हवं त्याच्या.

* * *

अर्ज दरबारात होता. मग दरबारच राहिला नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा गावात पेढे वाटले, मीही खाल्ला. आठवड्याभराने कळलं की म्युझियमही विलीन झालंय. निवडक वस्तू मुंबईला जायच्या, बाकीच्यांचं नंतर ठरेल. मुंबईहून एक अधिकारी आले, माझ्याच वयाचे, बुशशर्ट घातलेले, भराभर चालणारे. शेंदराच्या डब्याला त्यांनी 'नको' म्हटलं. शिडाभोवती मात्र ते एक फेरी मारून आले. "हे पहिलं न्यायचं. भेग काय, तिथं भरून घेतील."

"परत कधी इकडे आणता येईल?" साहेबांनी विचारलं.

अधिकाऱ्यांना वाटलं साहेब थट्टा करतायत. ते मनापासून हसले.

लॉरी आली ती पुढच्या फाटकापाशी, लिंबाखाली उभी राहिली. शीड पुढच्या दाराने निघणार नव्हतं, एवढं लांब. ते मागच्या बाजूने काढायचं, पागेमागच्या मैदानातून वळवून पुढे आणायचं असं ठरलं. गावातले हमाल आले. त्यांच्याआधीच मागच्या दारात सोनाबाई आणि नामदेव उभे होते. त्यांना दिवस कुणी कळवला ते मी विचारलं नाही. सोनाबाईंच्या हातात नवा पटका होता, घडी न मोडलेला.

अधिकारी पुढे लॉरीपाशी खोकी चढवून घेत होते. आत आम्हीच. हमालांनी खांद्यावर फडकी टाकली, शिडाखाली वाकले.

"सायेब," सोनाबाई म्हणाल्या, "उचलायचंच हाय न्हवं?"

"हो."

"मग रिकामं कशाला उचलता?"

साहेब नाही म्हणणार हे मला माहीत होतं. साहेबांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला, पुन्हा घातला. मग ते मागच्या दारातून बाहेर पडले आणि पागेच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, जिथून पुढची लॉरीही दिसते आणि मागचं मैदानही.

नामदेवने दोन्ही कुबड्या माझ्या हातात दिल्या. "धरा, ताई. पाडू नका म्हंजे झालं." हिंदुरावांनी आणि एका हमालाने त्याला उचलून शिडावर पालथा घातला, डोळे मिटलेल्या चेहऱ्याच्या अलीकडे. सोनाबाईंनी कमरेभोवती पटका आवळला, गाठ मारली, गाठ ओढून पाहिली. मग त्या बाजूला झाल्या.

हमालांनी शीड उचललं. कर्र असा आवाज आला, आतून, भेगेच्या जागेवरून. सगळे होते तिथं थांबले. मी डोळे गच्च मिटले. आता तुटणार. तुटलं नाही. हिंदुराव पुढे झाले आणि 'चांगभलं' म्हणाले. जत्रेत हा जयघोष लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात. हिंदुराव कानात सांगावं तसं म्हणाले. हमालांनीही तसंच, ओठातल्या ओठात म्हटलं आणि ते चालायला लागले.

मैदानाच्या टोकाला जाऊन पुढच्या बाजूला वळायचं होतं. हमाल वळले, पण उलट्या अंगाला. गोल फिरून परत पागेच्या दारापाशी आले आणि थांबले नाहीत. नामदेवचा एक पाय हवेत, गाल लाकडाला टेकलेला. सोनाबाई मागून अनवाणी. कोणी बोलत नव्हतं, नुसते पायांचे आवाज आणि मधूनच ते कर्र. परत टोक आलं. परत उलटे वळले, दुसऱ्या फेरीला.

पुढून अधिकाऱ्यांची हाक आली. "पराडकर! अहो, अजून किती वेळ?"

साहेबांनी मैदानाकडे पाहिलं. मग लॉरीकडे तोंड करून, पहारा द्यावा तसे कोपऱ्यावर ताठ उभे राहिले.

"शीड लांब आहे," ते म्हणाले. "वळण बसत नाहीये."

मैदान चारी बाजूंनी मोकळं होतं.